सांतानचं चर्च नुसतं ‘पोर्तुगीज’ कसं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला गोवा टूरचा लेख वाचला. फोटो झकास, पण प्रत्येक चर्चच्या फोटोखाली आपली तीच कॅप्शन, ‘पोर्तुगीज वास्तुकलेचा नमुना’, म्हणून लिहायला बसले. आणि लेखात नेहमीप्रमाणे जुनं गोवं आणि बाँ जेझूसची बासिलिका झाली की विषय संपला! तिथून गाडीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटांवर तळावली गाव आहे, तिथलं सांत आनाचं चर्च, ज्याला लोक नुसतं सांतान म्हणतात, ते बघायला टूरवाले कुणाला नेतच नाहीत.

हे चर्च १६८१ ते १६९५ मध्ये बांधलं. स्टाइल बरोक, म्हणजे युरोपातून आलेली भव्य, सजावटीने भरलेली बांधणी, पण तिथल्या बरोक चर्चचे फोटो बघा आणि मग हे बघा. दोन बाजूंना दोन टॉवर, मध्ये मजल्यावर मजले चढवत नेलेली पाच मजली पांढरीशुभ्र दर्शनी भिंत, शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे, आणि खिडक्यांना काचेऐवजी खरेखुरे चपटे शिंपले घासून बसवलेले, त्यातून उजेड गाळून आत येतो. दगड आपला जांभा, गिलावा चुन्याचा. जांभा पाणी पितो, आमच्या पावसात उघडा टाकला तर झिजतो, म्हणून चुना हवाच. (बासिलिकेचा तो चॉकलेटी रंग फोटोत भारी दिसतो ना, तो मूळचा नाहीच, गेल्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली तिचा गिलावा काढून टाकला आणि आता दर पावसाळ्यात सगळ्यांना तिची काळजी.) हा दगड, हा चुना, हे शिंपले, आणि ते लावणारे हात, सगळं इथलं. जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावरचं पिएदाद चर्च तर आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोंयकार (म्हणजे गोव्याच्याच) पाद्रीनेच आखलं असं मानतात, मग कॅप्शनमध्ये गोंयकार कुठे गेला?

आता कुणी म्हणेल की तिसवाडीतली, म्हणजे जुन्या गोव्याच्याच भागातली, देवळं पोर्तुगिजांनी १५४० मध्ये पाडली ते विसरायचं का? अजिबात नाही, मी स्वतः फोंड्याची, पाडापाडीतून वाचवायला नदीपलीकडून पळवून आणलेल्या देवांच्याच शेजारी वाढलेय. पण गंमत इथेच आहे. आमच्या फोंड्याजवळच्या कवळ्याचं शांतादुर्गेचं आत्ताचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने १७३० च्या दशकात उभं राहिलं, म्हणजे सांतान पूर्ण झाल्यावर पन्नासेक वर्षांच्या आत. त्याचा घुमट बघा, गोल कमानींच्या खिडक्या बघा, मंगेशीची सात मजली दीपमाळ बघा, मजल्यामजल्यावर कमानी. चर्चसाठी इथल्या कारागिरांनी जे घोटून काढलं तेच नदी ओलांडून देवळात आलं, आणि मंगेशीला नमस्कार करणारा एकही माणूस तिला पोर्तुगीज म्हणत नाही, मग सांताननेच काय पाप केलंय?

बरं, सांतानचं फेस्त तरी कुठल्या लिस्बनमध्ये होतं? जुलैच्या शेवटी तवशांचं (म्हणजे काकड्यांचं) फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा, असतं, सांत आना म्हणजे येशूची आजी, तिच्यापुढे तवसं ठेवून जोडपी मूल मागतात, आणि ओटी भरायला देवीला जातात तसाच सगळा माहोल असतो, गर्दीत हिंदूसुद्धा भेटतात.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी गोव्याचा लेख छापाल तेव्हा फोटोग्राफरला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तळावलीला पाठवा, छत्री बरोबर द्या, आणि कॅप्शनमध्ये गाव, साल आणि ‘गोव्यातलं बरोक’ एवढं लिहा. जागा उरली तर शेजारी कवळ्याच्या घुमटाचा फोटोही लावा.

आपली,
एक वाचक, फोंडा (गोवा)