आकाशवाणीच्या बोलक्या तासांसाठी : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा आदेश निघाला आणि मोठा विरोध झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या मराठी बातम्या टिकल्या. हे पत्र मात्र दिवसभरातल्या बाकीच्या बोलण्याबद्दल आहे : भाषण, मुलाखत, शेतीचा कार्यक्रम, महिलांसाठीची आणि कामगारांसाठीची वेळ, मुलांचा अर्धा तास, रात्रीचं नभोनाट्य. हे सगळं बंद पाडायला आदेश लागत नाही. कार्यक्रम अधिकारी निवृत्त होतात, जागा भरली जात नाही, नैमित्तिक (गरजेपुरत्या बोलावलेल्या) निवेदकांच्या पाळ्या कमी होतात आणि त्या वेळेत दुसऱ्या केंद्राचं सहक्षेपण, म्हणजे तिथलाच कार्यक्रम जसाच्या तसा, लागतं, नाहीतर गाणी.

एकच कार्यक्रम सगळीकडून लावला तर काय बिघडतं, हे शेतीच्या वेळेत सर्वांत लवकर कळतं. ऑक्टोबर घ्या. रत्नागिरीत हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापणीला आलेलं असतं आणि परतीच्या पावसात कापलेलं भात कसं वाळवायचं, हा त्या आठवड्याचा प्रश्न असतो. त्याच दिवसांत सांगलीकडे द्राक्षाची छाटणी झालेली असते. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की केवडा हा बुरशीचा रोग येतो, म्हणून बागायतदाराला पुढच्या दोन-तीन दिवसांचं हवामान हवं असतं. परभणीत कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची धास्ती असते. तिथे सांगायचं ते नेमकं सांगावं लागतं : हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा, आणि एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले तर फवारणी करा. ही तिन्ही माहिती एका अर्ध्या तासात कोंबली, तर प्रत्येकाला दोन तृतीयांश वेळ दुसऱ्याचं पीक ऐकावं लागतं. तो रेडिओ बंद करतो, आणि ते बरोबरच आहे.

वेळेचंही तसंच. शेतीचा कार्यक्रम संध्याकाळी असतो, कारण फवारणी सकाळी वारा पडलेला असताना करायची असते. औषध आणायला, पंप नीट करायला आदली संध्याकाळ हाताशी लागते. क्रिकेटसाठी किंवा थेट प्रक्षेपणासाठी तो कार्यक्रम रात्री दहाला ढकलला, तर सल्ला बरोबर असूनही उपयोगाचा राहत नाही.

आता एक साधं दहा मिनिटांचं भाषण जवळून पाहा. मराठीत मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द सावकाश वाचले जातात, म्हणजे संहिता हजार-अकराशे शब्दांची. तज्ज्ञ मंडळी बहुधा दोन हजार शब्दांचा छापील लेख घेऊन येतात. कार्यक्रम अधिकाऱ्याला तो त्यांच्यासोबत बसून निम्मा करावा लागतो : लांब वाक्यं तोडायची, कंसातला मजकूर काढायचा, '३७.४ टक्के' ऐवजी 'शंभरातले सदतीस' लिहायचं, औषधाचं नाव आणि मात्रा दोनदा सांगायची. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. मग ध्वनिमुद्रण. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि जरासा तिरका, नाहीतर 'प', 'फ', 'भ'चा फुत्कार थेट आत जातो. कागद सुटे ठेवायचे आणि उलटायचे नाहीत, अलगद बाजूला सरकवायचे; टाचलेल्या कागदांची सळसळ हमखास मुद्रित होते. दहा मिनिटांच्या भाषणामागे जाणत्या माणसाचे तीन-चार तास असतात. तो माणूस नसला की भाषण वाचून दाखवलेला लेख होतं, आणि मग 'लोकांना बोलणं ऐकायला नको' असा निष्कर्ष काढला जातो. आम्हाला हा निष्कर्ष सपशेल चुकीचा वाटतो.

नभोनाट्याला तर याहून जास्त लागतं. एका प्रसंगात चार-पाचांहून जास्त आवाज आले की कोण बोलतंय ते कळेनासं होतं. दोन तरुण स्त्रियांचे आवाज सारखे असले तर दोनच पात्रांतही गोंधळ होतो. दार, पावलं, पाऊस हे सगळं तालमीतच बसवावं लागतं. एका दिवसात वाचन आणि ध्वनिमुद्रण दोन्ही उरकायला लावलं, तर नट कागदाकडे बघत बोलतात आणि ते ऐकू येतं.

'सगळं ॲपवर आहे' असं उत्तर मिळतं. ६४ केबीपीएसच्या प्रवाहाला तासाला सुमारे २९ एमबी डेटा लागतो. दिवसातून चार तास ऐकणाऱ्याचा महिन्याला साडेतीन जीबी इथेच जातो. एफएम हाही पुरता पर्याय नाही : एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे सह्याद्रीच्या खोऱ्यांत डोंगराआड आवाज तुटतो. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर पोचतात. म्हणून मध्यम लहरींचं प्रक्षेपण थांबवण्याआधी त्या त्या खोऱ्यात रेडिओ लावून प्रत्यक्ष ऐकून बघावं.

आमचं मागणं मोजकं आहे. महाराष्ट्रातल्या आकाशवाणीच्या प्रत्येक प्राथमिक (मुख्य वाहिनीच्या) केंद्राने रोज किमान तीन तास स्वतः तयार केलेले बोलके कार्यक्रम द्यावेत, आणि सहक्षेपण व पुनःप्रक्षेपण त्यात धरू नये. प्रत्येक केंद्रावर शेतीसाठी एक आणि नाट्य-भाषणांसाठी एक कार्यक्रम अधिकारी कायम नेमावा. लेखक, नट आणि नैमित्तिक निवेदकांचं मानधन ध्वनिमुद्रणापासून तीस दिवसांत खात्यावर जमा व्हावं. ठरलेली वेळ मोडायची असेल तर आदल्या दिवशी तशी घोषणा व्हावी. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या फिती जपण्याचं काम मात्र अजिबात थांबवू नये : दमट खोलीत फितीवरचा लेप चिकट होऊन सुटतो, आणि अशी फीत तपासणीसाठी म्हणून एकदा यंत्रावर चढवली तरी खरवडली जाते. आधी खोली कोरडी करा, मग यादी करा, मग फिती संगणकावर घ्या; प्रत्येक फाइलला बोलणाऱ्याचं नाव, विषय आणि प्रसारणाची तारीख हवीच.

यातला पहिला मुद्दा येत्या तिमाहीच्या कार्यक्रम-आखणीपासून लागू करता येईल. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही.

आपले,
नभोवाणीसाठी लिहिणारे, बोलणारे आणि रोज ऐकणारे