टॅपेटचं शून्य दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

१९६४ची शेवरले सी-१० पिकअप, २८३चं व्ही-आठ इंजिन, नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडवणारा फिरता दांडा) आणि सोळाच्या सोळा नवे हायड्रॉलिक टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारे आणि आतल्या तेलाने फट भरून काढणारे). इंजिन आता आयडलवर (रेस न देता) एकही टॅपेट न वाजवता चालतंय. त्याबद्दलचे आभार उघड पत्रातून मानतोय, कारण फोनवर तुम्ही जे सांगितलंत ते असं इंजिन बांधणाऱ्या कुणालाही लागेल.

सगळ्यात मोठे आभार 'शून्य', म्हणजे टॅपेट ते व्हॉल्व्ह यांच्यातली फट नेमकी संपते ती जागा, नीट समजावल्याबद्दल. मुंबईत शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९२८पासून शेवरले ट्रक जुळायचे. त्या जुन्या इंजिनांना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फट ठेवायची, आणि आपल्या लोकांच्या हाताला तीच सवय. इथे फट ठेवायचीच नाही. उलट शून्याच्याही खाली जायचं, म्हणजे टॅपेटमधला प्लंजर (आतला छोटा दट्ट्या) थोडा दाबून ठेवायचा. पुढचं तेल बघून घेतं. पण शून्यच चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. पुशरॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंतचा दांडा; रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) चिमटीत फिरवून 'जड लागला की शून्य' असं सगळे सांगतात. कोरड्या, नव्या टॅपेटमध्ये आतली स्प्रिंग इतकी मऊ असते की पुशरॉड जड लागेपर्यंत प्लंजर आधीच खाली गेलेला असतो. म्हणून तुम्ही म्हणालात, फिरवू नका, वर-खाली हलवा. ती उभी खडखड जिथे संपते तिथे शून्य.

कुठल्या स्थितीत कुठले व्हॉल्व्ह, हे तुम्ही लिहून दिलेलं चिठोरं बॉनेटच्या आत चिकटवलंय. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) असताना एक्झॉस्ट १, ३, ४, ८ आणि इनटेक १, २, ५, ७. क्रँक एक पूर्ण फेरी फिरवून सहा नंबर टीडीसीवर आला की एक्झॉस्ट २, ५, ६, ७ आणि इनटेक ३, ४, ६, ८. पुलीवरची खूण शून्याजवळ येताना एक नंबरचे व्हॉल्व्ह हलले तर आपण सहावर आहोत. फसायला होतं ते इथेच.

शून्यानंतर पाच सुताच्या बॉक्स पान्याने रॉकरचा नट एक पूर्ण फेरी. स्टडला इंचाला २४ आटे, म्हणजे नट जेमतेम एक मिलिमीटर खाली जातो. पण रॉकर दीडपटीचा (व्हॉल्व्हकडची बाजू पुशरॉडकडच्या दीडपट लांब) असल्याने प्लंजर सुमारे पावणेदोन मिलिमीटर दबतो. 'आणखी थोडं घट्ट करू' ही खाज किती महाग पडते ते या हिशोबाने कळलं. प्लंजर तळाला टेकला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. जो नट हाताच्या बोटांनी फिरतो तो फेकून द्या, हेही तुमचंच. त्याची पकड गेलेली असते, सेटिंग टिकत नाही.

पहिल्या स्टार्टआधी तेल चढवायला डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवताना नुसता दांडा घालू नका, कॉलर असलेलंच अवजार घ्या, असं बजावलंत. या इंजिनात तेलाची वाट डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीभोवतून जाते. कॉलर नसेल तर तेल तिथूनच खाली गळतं आणि रॉकर कोरडे राहतात. ड्रिल घड्याळाच्या दिशेने, मध्ये मध्ये क्रँक पाव-पाव फेरी, सोळाही रॉकरवर तेल दिसेपर्यंत. मग एक नंबर परत कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणून डिस्ट्रिब्युटर.

पहिल्या स्टार्टला आयडल अजिबात नको: लगेच २००० ते २५०० आरपीएम, वीस-तीस मिनिटं, जास्त झिंकचं ब्रेक-इन (नवे भाग रुळवायचं) तेल घालून. सपाट टॅपेटच्या कॅमला तेल मुख्यतः क्रँकने उडवलेलं मिळतं, आणि आयडलवर ते पुरेसं उडत नाही. आजच्या गाड्यांच्या पातळ तेलात झिंक आणि फॉस्फरस कमी ठेवलेलं असतं. त्याने नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासात खाल्ला जाऊ शकतो. त्यानंतर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलले.

शेवटी पाच नंबरचा एक्झॉस्ट वाजत राहिला. त्यावरचा तुमचा उपाय: गरम इंजिन आयडलवर ठेवून नट खडखड सुरू होईपर्यंत सैल, मग आवाज जेमतेम थांबेपर्यंत घट्ट, तिथून पाव-पाव फेरीने एक फेरी, आणि प्रत्येक पाव फेरीनंतर दहा सेकंद थांबायचं, म्हणजे टॅपेटमधलं जादा तेल निघून इंजिन परत सुरळीत होतं. घाई केली की इंजिन अडखळतं.

त्यासाठी उसनं दिलेलं, वरून कापलेलं व्हॉल्व्ह कव्हर फार कामी आलं; तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उडालं नाही. धुऊन पुसून ठेवलंय. रविवारी आणून देतो, काकूंना सांगा चहा टाकायला.

आपले,
सी-१०वाले