साडूच्या हाती कोलीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नव्वदीतल्या बँडवरचा लेख मी आधी व्हॉट्सॲपवर पाहिला. आमच्या साडूंनी तो कापून, एका वाक्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारून, सकाळी सव्वासातला घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'काय पाव्हणं, आता बोला की!' साडूंचीच काहीतरी करामत असणार म्हणून चहा तसाच ठेवला आणि दारातला अंक उचलला. करामत साडूंची नव्हती. तुम्हीच छापलंय, 'डूबा डूबा' हे लकी अलींचं गाणं. वर त्यांचा फोटोही.

संपादक महोदय, हे गाणं 'सिल्क रूट' या बँडचं आहे. साल 1998, कॅसेटचं नाव 'बूँदें'. गायला मोहित चौहान, सोबत अतुल मित्तल, केम त्रिवेदी आणि केनी पुरी. शब्द प्रसून जोशींचे. लकी अलींचा त्यात काडीचा संबंध नाही. त्यांचं 'ओ सनम' 1996 सालीच येऊन गाजलं होतं, त्यांना काही कमी नव्हतं. दुसऱ्याचं पोर त्यांच्या मांडीवर कशाला बसवता?

हा घोळ तुम्ही सुरू केलात असं मी म्हणत नाही. शंभर-दीडशे गाणी भरलेली सीडी मिळायला लागली तेव्हापासून तो चालू आहे. जरा घोगरा आवाज आला, मागे गिटार वाजली, की भरणारा खुशाल 'लकी अली' असं नाव देऊन मोकळा. साडूंची सीडी त्यातलीच. 2003 च्या दिवाळीत त्यांनी ती लावली आणि मी सर्वांसमोर त्यांची चूक काढली. जावयाने जावयाची चूक सासरी काढू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तेव्हापासून दरवर्षी फराळाबरोबर हा वाद येतो.

मोबाइलवर दाखवा, असं सुचवू नका. दाखवून झालं. साडू म्हणतात, 'मोबाइलवर कोण पण काय पण टाकतंय', आणि मग त्याच मोबाइलवर लकी अलींचा फोटो लावलेलं गाणं काढून मलाच दाखवतात. छापून आलं तरच खरं, हा त्यांचा बाणा.

छापील पुरावा माझ्याकडे होता. पॉलिटेक्निकला असताना मी आणि एका मित्राने निम्मे-निम्मे पैसे घालून 'बूँदें'ची कॅसेट घेतली होती. एवढी उलटीसुलटी केली की तिच्यावरचं 'ए' हे अक्षर अंगठ्याने पुसून गेलं. आतल्या घडीच्या कागदावर सगळी नावं होती. 2005 च्या पुरात ती वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. 2019 ला पाणी त्या फळीच्याही वर गेलं. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. पाणी उतरल्यावर बुटांच्या खोक्यातून डबी काढली, तर कागदाचा लगदा झालेला आणि आतून गाळाचं पाणी गळतंय. साडू मदतीला आले होते. खोटं कशाला बोलू, दोन दिवस चिखल उपसला त्या माणसाने. डबी हातात घेऊन म्हणाले, 'बुडाली की हो तुमची डूबा डूबा!' घरदार त्या चिखलात उभं राहून हसलं. मीही हसलो. पण पुरावा गेला तो गेलाच.

आणि आता छापील कागद तुम्ही त्यांना घरपोच दिलात. लॅमिनेट करायला टाकलाय म्हणे.

आपल्या कार्यालयात फोन केला, तर 'एवढं काय, गाणंच तर आहे' असं उत्तर मिळालं. बरं. मग एखाद्या कुस्तीच्या निकालात चितपट झालेल्याचा फोटो विजेता म्हणून छापून बघा. कुस्तीच तर आहे! गंगावेश तालमीकडून माणसं येतील तेव्हा त्यांनाही हेच सांगा.

ज्यांना गाणं माहीत आहे तेही हल्ली 'मोहित चौहानचं' म्हणून मोकळे होतात. तो पुढे सिनेमात गाजला. 'रंग दे बसंती'तलं 'खून चला' आणि 'दिल्ली 6'मधलं 'मसक्कली' त्यानेच गायलं, आणि दोन्हींचे शब्द पुन्हा प्रसून जोशींचेच. तुमच्या लेखकाने एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी लेखाला काही अर्थ आला असता. बाकीच्या तिघांची नावं कोण घेणार? मी घेतो, पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण.

त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरं मागच्या आठवड्याची नसून त्याच्याही मागच्या आठवड्याची होती. पत्र लिहिताच आहात तर हेही लिहा, असं सौ. म्हणाल्या. लिहिलं.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पुरवणीच्या आकारात, ठळक अक्षरात छापा. मागे एकदा तुम्ही दिलगिरी व्यक्त केली होती, ती टेंडर नोटिसांच्या खाली भिंग घेऊन शोधावी लागली होती. आणि जमलं तर शनिवारच्या आत. रविवारी साडूंकडे जेवण आहे, पैज तांबड्या-पांढऱ्याची आहे, आणि वीस माणसांचं मटण हरणाऱ्याने आणायचं ठरलंय.

आपला (अजून तरी) वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर