बारा मात्रा आणि आपल्या टाळ्या

संपादक महोदय,

गेल्या शनिवारी ठाण्यातील एका नाट्यगृहात फ्लेमेंको गिटारवादनाचा कार्यक्रम ऐकण्याचा योग आला. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातले हे संगीत घराजवळ, प्रत्यक्ष ऐकायला मिळाले, याबद्दल आयोजकांचे आभार मानलेच पाहिजेत. तक्रार आहे ती मुख्यतः आम्हा श्रोत्यांविषयी.

रंगमंचावर तिघेच होते: गिटारवादक, 'काहोन' या खोक्यासारख्या वाद्यावर बसून तेच वाजवणारा साथीदार (हे वाद्य मूळचे पेरूचे; स्पॅनिश गिटारवादक पाको दे लुसिया यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते फ्लेमेंकोत आणले) आणि केवळ टाळ्यांची साथ करणारा तिसरा कलाकार. या टाळ्यांना 'पाल्मास' म्हणतात. कधी तळहात खोलगट धरून दबक्या, तर कधी बोटे तळव्यावर मारून खणखणीत वाजवलेल्या या टाळ्या म्हणजे एक स्वतंत्र वाद्यच असते. 'सोलेआ' हा प्रकार १२ मात्रांचा. आपल्या एकतालाच्याही मात्रा १२च, परंतु तिथे विभाग दोन-दोन मात्रांचे समान, तर इथे आघात येतात ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर; आधी ऐसपैस चाल आणि मग लगबग, अशी ती गंमत आहे.

'बुलेरिया' या द्रुत रचनेत लय चढताच मागच्या रांगांतून कोणीतरी टाळ्या धरल्या आणि पाहता पाहता सारे सभागृह आरतीला साथ करावी तसे सरळ ठेक्यात वाजू लागले. टाळ्यांच्या साथीदाराने आपले हात हळूच मांडीवर ठेवले. वादकाने त्याच्याकडे पाहिले, किंचित हसला आणि आमच्या ठेक्याशी जुळवून घेत त्याने रचना आवरती घेतली. ख्यालाच्या मैफलीत समेवर मान डोलावून दाद देणारेच हे श्रोते होते, म्हणून अधिक वाईट वाटले.

ध्वनियोजनेनेही घात केला. तारा छेडता छेडता वादक अनामिकेने गिटारच्या लाकडावर जी टिचकी मारतो, ती स्पीकरमधून ढोलासारखी घुमत होती. मोठ्या सभागृहात माइक लागणारच, पण तो किती उघडायचा याला काही प्रमाण असावे.

युनेस्कोने २०१० साली फ्लेमेंकोचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केल्याचे निवेदनात दोनदा सांगण्यात आले. ताल कसा मोजायचा, याविषयी मात्र अवाक्षरही नव्हते. पुढील कार्यक्रम वाशीला असल्याचे तिथेच जाहीर झाले. तिथे निवेदनाची पाच मिनिटे त्या टाळ्या वाजवणाऱ्या कलाकाराला द्यावीत आणि त्याने १२ मात्रा हातावर मोजून दाखवाव्यात, एवढीच आयोजकांना विनंती. दाद द्यायचीच झाली, तर 'क्या बात है'च्या जागी 'ओले' आहेच.

एक श्रोता, नौपाडा, ठाणे