जमिनीतून निघणारा धूर

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील निकोडेमस हे कृष्णवर्णीयांनी वसवलेले गाव पाहून आल्याचे तुझे पत्र पोहोचले. ओसाड माळ, पाच जुन्या इमारती, आणि एवढ्यासाठी दिवसभर गाडी हाकली, ही तुझी तक्रार वाचून मला हसू आले. कारण १८७८ च्या वसंतात तेथे पोहोचलेल्या विलियाना हिकमन यांची तक्रारही जवळजवळ हीच होती. वाटेत एलिस या रेल्वे स्थानकावर गोवराने तांड्यातील काही मुले दगावलेली, पुढची वाट गाड्यांतून काटलेली, आणि पुरुषमंडळी ‘ते पाहा निकोडेमस’ म्हणून ओरडू लागली, तेव्हा या बाईंना गाव कुठे दिसेचना. पतीने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवले. लोक जमिनीत खणलेल्या घरांत राहत होते, आणि धूर त्यांच्या चुलींचा होता. ते पाहून आपल्याला रडू कोसळले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

ही वसाहत १८७७ साली आखली गेली. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यापारी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय गृहस्थ यांनी कंपनी काढली, आणि दक्षिणेकडील केंटकी राज्यातील, गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कुटुंबांपुढे सुपीक भूमीची पत्रके ठेवली. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना, हे तू शाळेत शिकली आहेस. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी ही सुटलेली माणसे गाव सोडून का निघाली, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही. सुटका झाली होती, पण जमीन मिळाली नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेतून केंद्राचे सैन्यही १८७७ सालीच मागे घेतले गेले, आणि कालच्या मालकाच्याच शेतात बटाईने राबणे नशिबी आले. उलट कॅन्ससमध्ये १८६२ च्या कायद्याने १६० एकर सरकारी जमीन कसायला मिळत होती.

१८७७ च्या सप्टेंबरात आलेल्या सुमारे तीनशे जणांनी एलिसपासूनची पन्नासहून अधिक किलोमीटरची वाट तुडवली. पुढे पाहतात तर झाड नाही, लाकूड नाही, पेरणीचा हंगाम उलटून गेलेला. लोक हिलवर इतके चिडले की त्याला लपून बसावे लागले, असे सांगतात. सुमारे साठ कुटुंबे परत फिरली, आणि मी त्यांना भेकड म्हणणार नाही. लेकरे उपाशी असताना परत फिरण्यालाही धैर्य लागते. उरलेल्यांकडे औत ओढायला जनावरे जवळजवळ नव्हती, म्हणून त्यांनी कुदळ-फावड्यांनी जमीन फोडली, तर काही पुरुष मजुरीसाठी दूर गेले. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या तेथील मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी आपल्यातले अन्न त्यांना दिले. ज्यांच्याकडून हा मुलूख हिरावला जात होता त्यांनीच नवागतांना जगवले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पुढे शाळा झाली, टपाल आले, दुकाने थाटली गेली. रेल्वे यावी म्हणून गावाने १८८७ मध्ये १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. रेल्वे आली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा मार्ग सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून गेला, दुकानदार आपली दुकाने उचलून रुळांकडे निघून गेले, आणि ‘बोग’ नावाचे गाव तेथे उभे राहिले. तू येताना जेथे पेट्रोल भरलेस म्हणतेस, ते हेच.

१९९६ पासून निकोडेमस हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. जुलैच्या अखेरीस त्या कुटुंबांचे वंशज दूरदूरच्या शहरांतून तेथे जमतात. शक्य झाल्यास तेव्हा एकदा पुन्हा जा, आणि कोणा वृद्ध बाईंना विचार की ती खणलेली घरे नेमकी कोठे होती. उत्तर मला सविस्तर लिही. आईने लोणच्याची बरणी पाठवली आहे, पोहोच कळव.

तुझा,
बाबा