आधी घरपट्टीची पावती, मग गाडीचा नंबर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी वर्षानुवर्षे थकवणाऱ्याला नव्या चारचाकीचा नंबर मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. औसा तालुक्यातल्या एका गावात मी सत्तावीस वर्षे वसुलीचे काम केले, त्या अनुभवातून हे लिहितो.

मार्च महिना होता. पावतीपुस्तक काखेत धरून एका वाड्यासमोर गेलो, तर दारात नवीकोरी गाडी. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली चिरडलेले लिंबू. मालकांनी हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "यंदा गाडीत हात अडकला. सोयाबीन निघालं की बघू." नऊ वर्षांची बाकी होती, सगळी मिळून अकरा हजारसुद्धा नाही. त्याच गल्लीतल्या एक मावशी निराधारचे पैसे मिळाले की पदराची गाठ सोडून पाणीपट्टी भरायच्या आणि पावतीची घडी देव्हाऱ्यात ठेवायच्या.

बाकी तुंबत गेली, पाणीपुरवठ्याच्या मोटारीचे वीजबिल थकले आणि ऐन एप्रिलात कनेक्शन तुटले. वीज तोडताना कोणाची पावती कोणी बघत नाही. मावशी घागर घेऊन शेतातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. गाडीवाल्यांच्या दारात विकतचा टँकर रिकामा होऊ लागला, रोख पैसे मोजून. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

जप्तीचा अधिकार कायद्याने आहे, हे मला ठाऊक आहे. पण भावकीच्या गावात सरपंच कोणाच्या दारातली वस्तू उचलणार? निवडणूक लागली की मात्र चित्र पालटते. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १४नुसार थकबाकीदार सदस्यपदाला अपात्र ठरू शकतो, म्हणून अर्ज भरण्याआधी बेबाकी दाखल्यासाठी, म्हणजे काही थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी, कार्यालयात झुंबड उडते. दहा-दहा वर्षांची बाकी माणसे उभ्याउभ्या भरतात. पैसा आधीही होता, फक्त कुठे अडत नव्हते.

गाडीच्या नंबरावर हेच करता येईल. वाहननोंदणी १९८८च्या केंद्रीय मोटार वाहन कायद्याखाली येते, तेव्हा ग्रामसभेच्या ठरावाने हे होणार नाही, कायद्यातच तरतूद करावी लागेल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ती आहे: तिथल्या स्थानिक संस्था वाहन विभागाशी करार करून कर थकवणाऱ्याची नोंदणी रोखू शकतात. आपल्याकडे शोरूमवाले कागद करताना आधार, पॅन मागतातच, त्यात बेबाकी दाखलाही मागावा. तो ऑनलाइन आणि फुकट मिळावा, नाहीतर दाखल्यासाठी हात ओले करण्याची नवी जागा तयार होईल.

पण दुचाकी, ट्रॅक्टर आणि प्रवासी रिक्षा यांना यात मुळीच ओढू नये. आमच्याकडे दूध डेअरीला घालायचे, दवाखाना गाठायचा, ऊसतोडीच्या गावाला जायचे, तर मोटारसायकलशिवाय इलाज नाही. पोटावर पाय येईल अशी वसुली मला मान्य नाही.

खरी अडचण दप्तराची आहे. नमुना ८वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, अजून आजोबांचे नाव, घर चौघा भावांचे आणि गाडी एकाची. बाकी कोणाच्या डोक्यावर मांडायची? वारलेल्या माणसांच्या नावाने निघालेली मागणीबिले मी स्वतः घरोघर वाटली आहेत, याची आजही टोचणी लागते. वारसनोंदी न करता हा नियम आणला, तर आपला वाटा प्रामाणिकपणे भरणारा भाऊसुद्धा अडकेल. आणि ज्या महिन्यांत नळाला थेंब आला नाही, त्या महिन्यांची पाणीपट्टी बाकीत धरून कोणाची गाडी अडवणे हा उघड अन्याय होईल.

येत्या ग्रामसभेत वारसनोंदींचा विषय मी मांडणार आहे. इतर गावांतल्या वाचकांनीही आपापल्या घराचा नमुना ८चा उतारा काढून त्यावर कोणाचे नाव आहे, ते एकदा पाहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रामपंचायत वसुली लिपिक,
ता. औसा, जि. लातूर