पट्टा मिळाला नाही म्हणून गहजब कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वेंगुर्ल्यातल्या एका कराटे वर्गाची बेल्ट परीक्षा नुकतीच झाली. काही मुलांना सरांनी आहे त्याच पट्ट्यावर ठेवलं आणि तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडालाय. ‘पैसे भरले मां आमी? मगे बेल्ट खंय?’ हा त्यातला सगळ्यात सभ्य सवाल. मागे राहिलेल्यांत माझी मुलगीही आहे, तेव्हा चार शब्द लिहायला हरकत नसावी.

परीक्षा शाळेच्या हॉलमध्ये होती. आधी किहोन, म्हणजे ठोसे, अडवणी, लाथा रांगेत पुढे-मागे करत. मग काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकट्यानं करायची मालिका, शेवटी कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत. ऑक्टोबरची काहिली आणि अंगात तो जाड ड्रेस. किहोन संपेपर्यंतच पोरं घामानं निथळत होती. हेइआन शोदान हा सुरुवातीचा काता. त्यात 21 हालचाली, आणि जिथून सुरू केला तिथेच तो संपला पाहिजे. हॉलला शहाबादी फरशी, त्यामुळे लपवाछपवीला वाव नाही. एका मुलाचा काता तोंडपाठ होता, किआय, म्हणजे ठोशाबरोबरची आरोळी, तर बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असेल. पण थांबला तेव्हा सुरुवातीच्या जागेपासून चांगला दीड फरशी लांब. दमल्यावर पावलं आखूड पडू लागली होती, पुढचा गुडघा वाकेना, मागची टाच उचलली जात होती. सरांनी पुन्हा करायला लावला. पुन्हा तेच. याला थांबवलं तर त्यात अन्याय कसला?

माझ्या लेकीचं घोडं कुमितेत अडलं. इप्पोन कुमितेत समोरचा आधी सांगून एकच हल्ला करतो. तो अडवून उलट मारायचं. ही डोळे मिटते. सांगून आलेल्या ठोशाला डोळे मिटणारी मुलगी मोकळ्या लढतीत काय करणार? रंगीत पट्टा मिरवायला नसतो. कोणाची जोडी कोणाशी लावायची, हे शिक्षक पट्टा बघून ठरवतात. कच्च्या मुलाला वरचा पट्टा दिला की तो पक्क्या मुलासमोर उभा राहतो, आणि मग नाक फुटलं की हेच पालक पुन्हा सरांच्या दारात.

एका गृहस्थांनी ग्रुपवर इतिहास काढला: पूर्वी पट्टे नव्हतेच, हा सगळा धंदा. पट्ट्यांची पद्धत मूळची ज्युदोतली, जिगोरो कानो यांची, आणि कराटेत ती गिचिन फुनाकोशींनी आणली, हे खरंच. धंदा चालतो हेही खरं. फी भरली की पट्टा हातात, अशा वर्गांबद्दल आपण सगळेच ऐकतो. पण मग जे सर मुलांना थांबवतात त्यांच्यावरच राग का?

दहावीच्या क्रीडागुणांचीही आशा काहींना आहे. ते गुण शालेय स्पर्धा खेळून मिळतात, बेल्टच्या सर्टिफिकेटवर नाही. अर्जाआधी शाळेत विचारून घ्यावं.

आता आपल्या दैनिकाबद्दल. बेल्ट परीक्षेची बातमी येते तेव्हा निम्मा रकाना प्रमुख पाहुण्यांना, उरलेला उत्तीर्णांच्या यादीला. मुलांनी नक्की काय केलं, याची एक ओळ नसते. शिवाय आमच्यासारख्या गावात यादीत कोण नाही, हे बाजारात सगळ्यांना नऊ वाजायच्या आत कळतं. ‘नाव नाय इला तुझा?’ असं माझ्या मुलीला मासळीवालीनंही विचारलं. यादी नाही छापली तरी चालेल. त्या जागी परीक्षेत काय काय होतं ते छापा. आणि वर्गांनीही थांबवलेल्या मुलाच्या हातात कागद द्यावा: काय कमी पडलं, पुढची परीक्षा कधी, फी पुन्हा घेणार की नाही. शेवटचा मुद्दा सरांनी अजून सांगितलेला नाही, आणि ग्रुपवर विचारायचंच असेल तर ते विचारण्यासारखं आहे.

आपली,
एक पालक, वेंगुर्ले